गळतीचं लोणचं

जून लागला की आमच्या इमारतीच्या जिन्यात लोणच्याचा वास सुटतो. कैरीचा हंगाम असल्यामुळे नवे भाडेकरू आशेने वर बघतात. जुने बघत नाहीत. त्यांना ठाऊक असतं की वर बरण्या नाहीत, सिलिकॉनची गन आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उजेडासाठी सहा पारदर्शक पत्रे टाकलेत. ते सहाही गळतात आणि दर वर्षी त्यांना सिलिकॉन मारलं जातं.

शेड कशासाठी? स्लॅब गळत होता म्हणून. शेडमुळे गच्चीवर अंधार झाला म्हणून पारदर्शक पत्रे. ते गळायला लागले, पाणी पुन्हा स्लॅबवर साचलं आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरात पूर्वीच्याच जागी ठिबकू लागलं. फरक एवढाच की पूर्वी ते फुकट ठिबकायचं.

आमच्या चेअरमनसाहेबांचा त्या वासावर फार जीव. कारागिराने नळीचं टोक कापलं की ते पुढे होतात, डोळे मिटून हुंगतात आणि म्हणतात, ‘‘येतोय. अस्सल माल आहे.’’ तीन वर्षांपूर्वी एका भल्या कारागिराने बिनवासाची नळी आणली होती. जरा महाग होती. साहेबांनी हुंगली, पुन्हा हुंगली, सेक्रेटरींना हुंगायला दिली. सेक्रेटरींना सर्दी होती, पण त्यांनीही मान हलवली. भेसळ! नळी परत गेली, कारागीरही गेला आणि त्याच्या जागी जो आला तो जिनाभर दरवळणारा माल घेऊन आला. तेव्हापासून आमच्याकडे सिलिकॉनची निवड अत्तरासारखी होते.

आता त्या वासाचं थोडं सांगतो. तो ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे आपल्या व्हिनेगरचा. या जातीचं सिलिकॉन सुकताना ते ॲसिड सोडतं. काचेला त्याचं काही वाटत नाही, पण गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा ते खातं आणि मुलामा गेला की खालचं लोखंड गंजायला मोकळं. पत्र्याला लागतं ते न्यूट्रल सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरचा वास नसतो. म्हणजे साहेबांनी परत पाठवली ती. गेली तीन वर्षं आम्ही वर्गणी काढून स्वतःच्या छपराला ॲसिड लावतो आहोत, आणि कडा तांबूस झाल्या की मीटिंगमध्ये ‘हल्लीचा पत्राच हलका’ असा सूर निघतो.

शिवाय हे सगळं भर पावसात. जागा स्वच्छ आणि कोरडी हवी, ही त्या नळीची साधी अट. आमच्याकडे जागा कोरडी असते तेव्हा गळत नाही आणि गळत नाही तेव्हा कमिटी जमत नाही. म्हणून नवं सिलिकॉन ओल्या पत्र्यावर, किंवा गेल्या वर्षीच्या सिलिकॉनवर. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. ते आधी खरवडून काढावं लागतं. पण खरवडण्याचे पैसे द्यायचे म्हणजे आधीचे वाया गेले हे मान्य करणं आलं.

बरं, गळतं कुठून? स्क्रूच्या भोकांतून. तीन मीटर लांबीचा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत 40 अंशांनी तापला तर जवळजवळ 8 मिलिमीटर वाढतो. शेजारचा लोखंडी पत्रा तेवढ्याच उन्हात जेमतेम दीड. रोज वाढणाऱ्या आणि रोज आखडणाऱ्या वस्तूला हलायला जागा लागते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, ते पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, वर रुंद वॉशर बसवायचा आणि त्याचं रबर किंचित दबेल एवढंच आवळायचं. आमच्या फॅब्रिकेशनवाल्याने काय केलं? पाणी वाहतं त्याच खोलगटात स्क्रू मारले, रबर फुलून बाहेर येईपर्यंत आवळले आणि अभिमानाने सांगितलं, ‘‘साहेब, हत्ती आला तरी हलणार नाही.’’ हत्ती काही गच्चीवर येत नाही. ऊन मात्र रोज येतं. दोन उन्हाळ्यांत भोकं लांबट झाली आणि कडेने तडे गेले. सहापैकी एक पत्रा तर उलटा बसलाय. कुठली बाजू वर ठेवायची ते वरच्या फिल्मवर छापलेलं होतं, पण फिल्म आधी सोलली गेली आणि प्रश्न नंतर पडला. ऊन सोसणारा थर राहिला खाली. तो पत्रा आता टपरीवरच्या कटिंगच्या रंगाचा झालाय.

आणि हा ‘मारणे’ शब्द! आपल्याकडे बांधकामात काही बसवत नाहीत, जोडत नाहीत, लावतही नाहीत. सगळं मारतात. स्क्रू मारला, पत्रा मारला, रंग मारला, सिलिकॉन मारलं. क्रियापदच असं असल्यावर त्या वस्तूने जगावं तरी कसं? एकाने तरी कधी म्हणावं की साहेब, पत्रा नीट बसवलाय. नाही. ‘‘मारून देतो, टेन्शन घेऊ नका.’’ माझ्या आजोळी धाब्याचं घर होतं. उजेडासाठी छपराला सानं होतं, हातभर भोक. आभाळ भरून आलं की आजोबा वर जायचे आणि त्यावर घमेलं पालथं घालून खाली यायचे. कोटेशन नाही, गॅरंटी नाही, वास नाही. गेल्या जनरल बॉडीत मी सहा घमेल्यांचा ठराव मांडला होता. अनुमोदक मिळाला नाही.

इथवर ठीक होतं. गेल्या आठवड्यात मात्र माझं हसू गेलं. दुपारी शेडखाली वाळत घातलेले कपडे काढत होतो. सहज वर बघितलं तर त्या चहाच्या रंगाच्या पत्र्यातून दोन तळवे दिसले. अनवाणी. पाचही बोटं पत्र्याला घट्ट धरायला बघणारी. पोरगं अठराचं असेल-नसेल. एका हातात गन, दुसऱ्या हातात स्वतःच्या चपला. कमरेला दोर नाही. पत्रा त्याच्या पावलांखाली परातीसारखा खोल गेला होता. वरून त्याला काय कळणार? धूळ आणि शेवाळ चढलं की पारदर्शक पत्रा आणि लोखंडी पत्रा एकसारखेच दिसतात. खाली चेअरमनसाहेब छत्रीच्या टोकाने जागा दाखवत होते, ‘‘डावीकडे... अजून थोडा डावीकडे...’’ पाणी जिथे ठिबकतं तिथे भोक नसतं, ते पत्र्याच्या पोटाला धरून बरंच लांबून आलेलं असतं, हेही त्यांना सांगून झालंय. मी ओरडलो. पोरगं दचकलं आणि सरकून लोखंडी पत्र्यावर गेलं. साहेब म्हणाले, ‘‘काही होत नाही हो, रोजचं काम आहे त्यांचं.’’

रोजचं काम! गोदामांच्या आणि कारखान्यांच्या छपरांवरून माणसं याच पत्र्यांतून खाली पडतात आणि मरतात. बातमी आली तर चार ओळींची, आणि तीत लिहिलेलं असतं ‘तोल जाऊन’. तोल नाही जात हो. पत्रा जातो. वर पाठवणारा खाली छत्री धरून उभा असतो आणि त्याचं नाव त्या चार ओळींत कधी नसतं. देवघरात ठिबकतं म्हणून एका पोराला ऊन खाऊन कडक झालेल्या प्लॅस्टिकवर उभं करायचं, आणि तेही चुकीच्या जागी चुकीचं सिलिकॉन लावायला! कमिटीत सात जण आहेत. सातही जणांच्या घरी त्या वयाची मुलं आहेत. त्यातलं एकही आजवर त्या छपरावर चढलेलं नाही.

चेअरमनसाहेब, नळी तुमच्या आवडीच्या वासाची आणा. माझी हरकत संपली. पण उद्या तो पोरगा पुन्हा येणार आहे. त्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर चढण्याआधी खालच्या दोन पर्लिनवर, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या दांड्यांवर, टेकतील अशा लांब फळ्या पत्र्यावर टाकून द्या. गणपतीच्या मांडवाच्या फळ्या जिन्याखालच्या खोलीत आहेत. किल्ली वॉचमनकडे असते.