ऑन-कॉल जावई

दिवाळी ते होळी हा वडसा-ब्रह्मपुरी भागात झाडीपट्टी नाटकांचा हंगाम. ज्या गावात दिवसा बैलांचा शंकरपट, त्या गावात रात्री नाटक; आणि नाटकाला पाहुणे जमले, की त्यांत एक ऑन-कॉल जावई असायचाच. तो पुण्याला नाहीतर हैदराबादला असतो. पायावर पाणी घेण्याआधी तो भिंतीवर प्लग शोधतो आणि सासूबाई ख्यालीखुशाली विचारत असताना फोन उंच धरून अंगणभर रेंज हुडकतो. ती बहुधा गोठ्याजवळ सापडते. मग जावयाची खाटही तिथेच पडते.

त्याचं काम कोणाला कळत नाही, पण समजावण्याची हौस दांडगी. एक जण संदेश टाकतो, तो पब्लिशर. दुसरा उचलतो, तो सबस्क्राइबर. दोघांची ओळखदेख नसते. मधला ब्रोकर, म्हणजे दलाल, सगळं सांभाळतो. लिंक्डइनने २०११मध्ये खुलं केलेलं काफ्का हे असंच सॉफ्टवेअर. इथे धानाच्या व्यवहारात मुरलेले काका हमखास विचारतात, "अन् दलालाचं कमिशन किती?"

नाटक दहाला सुरू होतं. खलनायक नायिकेच्या बापाला धमकावू लागतो आणि जावयाचा फोन वाजतो : सबस्क्राइबर अडकला. मांडवातून उठताना त्याच्या चेहऱ्यावर नाटक बुडाल्याचं दुःख नसतं. आपल्यावाचून पुण्यात अडलं, याचं तेज असतं. गोठ्याजवळ बसून तो पहिला उपाय करतो : रिस्टार्ट. दुसरा उपायही रिस्टार्टच, पण यावेळी डोळे मिटून.

"सबस्क्राइबर जिवंत आहे," तो फोनवर सांगतो, "हार्टबीट येतोय." पण लॅग, म्हणजे न वाचलेल्या संदेशांची थकबाकी, वाढतच असतो. काफ्कात हार्टबीट पाठवणारा धागा वेगळा आणि काम करणारा वेगळा. त्यामुळे काम ठप्प झालेला गडीही काही वेळ ठणठणीत दिसतो. पाच मिनिटांत त्याने पुढचे संदेश मागितले नाहीत, तर ठरलेल्या नियमाने तो गटाबाहेर. रिस्टार्ट केला, की थांबला होता तिथूनच वाचायला लागतो आणि पुन्हा त्याच संदेशापाशी बसकण मारतो.

आमच्या ओळखीतल्या अशा एका जावयाचे सासरे वनखात्याच्या तपासणी नाक्यावरून निवृत्त झालेले. २०२३मध्ये अयोध्येच्या राममंदिराला बल्लारपूरहून सागवान गेलं, हे ते जावयाला दर भेटीत नव्याने सांगतात. एका नाटकाच्या रात्री असाच सबस्क्राइबर अडकला, तेव्हा जावई कुठे गेला म्हणून ते कानटोपी सावरत गोठ्याकडे आले आणि त्याचं फोनवरचं बोलणं ऐकत उभे राहिले.

"काहून जी जावईबापू, एकच कागद धरून बसला का तो?"

"हो. एक संदेश बिघडलाय. तो सुटेपर्यंत मागचे हलत नाहीत."

"आमच्या नाक्यावर हेच होये. एखाद्या ट्रकाच्या टीपीवर, म्हंजे वाहतूक परवान्यावर, नग वेगळे, गाडीत वेगळे. अन् मागं आलापल्लीपर्यंत रांग. तुमचं रिस्टार्ट म्हंजे डायवरले उठवून तोच कागद पुन्हा वाचाले लावणं. तो ट्रक बाजूले लावा ना, मागचे सोडा."

जावयाने बिघडलेला संदेश बाजूला काढला. त्याच्या धंद्यात या जागेला डेड लेटर क्यू म्हणतात. तुंबलेले संदेश भराभर सरकू लागले, लॅग शून्यावर आला. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याने हे "फील्डवर सिद्ध झालेलं डिझाइन" म्हणून मांडलं आणि शाबासकी घेतली. सासऱ्यांचं नाव अर्थातच निघालं नाही.

चहा घेताना सासऱ्यांनी विचारलं, "मंग बाजूले लावलेल्या ट्रकाचं कोण पाहते जी?"

"त्याचं वेगळं तिकीट काढलंय."

"म्हंजे कोणीच नाही," सासरे बशीत चहा ओतत म्हणाले. "आमच्या नाक्यावर असल्या ट्रकावर कारल्याचा वेल चढला होता. कारली मात्र चांगली लागत."