रूटमास्तर

जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर यांपैकी कुठल्याही गावात आता एक तरी रूटमास्तर असतोच. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी चाकणच्या कारखान्यात, पोट नुकतंच उतरलेलं आणि उतरलेलं पोट गावाला दिसावं म्हणून टी-शर्ट एक माप लहान. सोमवार ते गुरुवार तो चारचौघांसारखा वागतो. शुक्रवारी रात्री मात्र त्याचा फोन येतो, "रविवारी मोकळा आहेस ना? पळायला एक सोपा लूप काढलाय."

लूप म्हणजे जिथून निघालो तिथंच परत यायचं, पण गेल्या वाटेनं नाही. गेल्या वाटेनं परत येणं हा रूटमास्तरच्या जगात कमीपणा. वहिनी सांगतात, की हा कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेला तरी येताना देवळामागून येतो. ही हौस पुण्यातल्या एखाद्या टेकडीवर भागली असती. पण जुन्नर-आंबेगावची मांडणी करताना सह्याद्रीनं याला विचारलेलं नाही. इथली खोरी हाताच्या बोटांसारखी पूर्वेकडे पसरलेली. कुकडीचं कुकडनेर, मीनेचं मिननेर, घोड नदीचं घोडनेर. मधे डोंगराच्या रांगा. प्रत्येक खोऱ्यात पश्चिमेला चढत जाणारा एक रस्ता, आणि तो कड्यावर जाऊन संपतो. पुढं कोकण, पण ते खाली. घाटघर घ्या, हातवीज घ्या, आहुपे घ्या, एसटीसुद्धा तिथं गाडी वळवते आणि मुकाट्यानं आल्या रस्त्यानं परत निघते. लूप हवा तर रांग चढून शेजारच्या खोऱ्यात उतरायला हवं. रूटमास्तरचं सगळं आयुष्य या एका रांगेवर अडलंय.

ती रांग तो रात्री जेवणं उरकल्यावर टेबलावर ओलांडतो. लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र, त्यावर माऊसनं ओढलेली लाल रेघ. वरून पाहिलं की करवंदीच्या जाळ्या हिरवळ दिसतात आणि चाळीस फुटांचा कातळ दिसतो एक बारीक काळी रेषा. "ती सावली आहे," असं म्हणून तो रेघ पुढं नेतो. त्या सावलीवर दोन्ही हातांनी लोंबकळताना मी रूटमास्तरला पाहिलेलं आहे. तेव्हाही घड्याळ पॉज करायला तो विसरला नव्हता.

रविवारी ती रेघ गावकऱ्यांकडून तपासून घेण्याचा विधी असतो.

"मामा, इथून पलीकडच्या खोऱ्यात वाट आहे का?"

"हाय की."

"माणसं जातात?"

"जायची. आता कशाला जात्यात? जीप हाय."

"पण वाट आहे ना?"

"वाट हाय. मोडलीय."

रूटमास्तर मोबाईलमध्ये टिपतो: वाट आहे. शेवटचा शब्द टिपायची पद्धत नाही. गावकऱ्यांच्या बोलण्याचा एक तक्ताच त्यानं अनुभवानं बनवलाय. 'हे काय, इथंच' म्हणजे चार किलोमीटर. 'जरा चढ हाय' म्हणजे हात मोकळे ठेवावे लागतील. 'आमची पोरं जात्यात' म्हणजे ती पोरं झाडावरसुद्धा जातात. 'तुम्हाला न्हाय जमायचं' हे या सगळ्यांत एकच अचूक माप, आणि तक्त्यात नेमकं तेवढंच नाही.

मुळात पळणं या भागाला नवीन नाही. घाट म्हटलं की इथल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढं बैलगाडा शर्यतीचा चढ येतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुटल्या. मधली वर्षं काही लोकांनी सुतकात काढली. तिथं सगळा हिशेब सेकंदांचा. अशाच एका बाबांनी पारावरून रूटमास्तरला थांबवलं.

"तुमची बारी किती सेकंदाची?"

"बाबा, सहा तास लागतात."

बाबांनी कानामागे हात नेला. "किती?"

"सहा तास."

"मग बक्षीस काय?"

"मेडल मिळतं. आधी फी भरायची असते."

बाबा थोडा वेळ विचारात पडले आणि शेजारच्याला म्हणाले, "खिलाराला असं पळवलं तर केस होती रं."

दुसरे पळणारे म्हणजे भरतीची पोरं. पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर ती घोळक्यानं असतात. त्यांना लूप नको, निसर्ग नको, फोटो नको. पोलिस भरतीचे सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत मारले की 20 पैकी 20 गुण, एवढंच त्यांना ठाऊक. "सर, तुमचं सोळाशे कितीत?" असं त्यांनी विचारलं की रूटमास्तर चढाउतार, टिकाव, हृदयाचे ठोके यांवर बोलू लागतो. पोरं ऐकून घेतात. त्यांना घरी जाऊन दूध घालायचं असतं, म्हणून ती धावतच जातात.

पहाटेचा विषय निघाला म्हणून सांगतो. नारायणगाव-ओझर-मंचरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या हा गमतीचा विषय नाही. इथं माणसं आणि लहान लेकरं गेलेली आहेत, माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्र आहे, आणि अंधारात उसाकडेला एकट्यानं जाऊ नका, वाकून बसू नका हे शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. रूटमास्तरनं एकदा पाचटाशेजारीच बुटाची नाडी बांधायला गुडघा टेकला. मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, "साहेब, उभं ऱ्हा! नाडी नारायणगावात बांधा!" तेव्हापासून त्या पट्ट्यात तो उजाडल्यावरच आणि खिशात मोबाईल मोठ्यानं वाजवत जातो. गाणी आईनं निवडली आहेत: हरिपाठ. बिबट्यावर काय परिणाम होतो ते कळलेलं नाही, पण वाटेवरच्या आज्या हात जोडतात आणि हा पळता पळता त्यांना नमस्कार करतो. सरासरी वेग त्यानं पडतो, अशी तक्रार आहे.

पश्चिमेला गेलं की ऊस संपतो, भातखाचरं लागतात आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या सुरू होतात. उन्हाळ्यात तिथं डांबरी रस्त्यावर बाळहिरडा वाळत घातलेला. वर्षाचा रोकडा पैसा तो. रस्त्याच्या अर्ध्या रुंदीत हिरडा आणि उरलेल्या अर्ध्यात कोंबड्या, म्हणजे रूटमास्तरला नागमोडी पळावं लागतं. राखणीला बसलेली मावशी त्याच्याकडे बघत नाही, बुटांकडे बघते. "पाव्हणं, हिरड्यावर पाय देऊ नका. कोंबडीवर दिला तर चालंल, ती जावंची हाय."

आहुप्याहून कोंढवळच्या जंगलातून भीमाशंकर हा त्याचा कित्येक वर्षांचा बेत. भीमाशंकर 1985 पासून अभयारण्य आहे, क्षेत्र 130 चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि आत मनाला येईल तसं शिरता येत नाही. वनरक्षकानं अडवलं.

"कुठं?"

"काही नाही, फक्त पळायला आलोय."

"मागं कोण लागलंय?"

याचं उत्तर रूटमास्तरकडे अजून नाही. वर शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर निघून गेलं. राज्यप्राणी असून कुठंही नोंद करत नाही.

नाणेघाटाबद्दल मात्र तो हळवा आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल याच खिंडीतून जुन्नरच्या पेठेत चढायचा. गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख, वर जकातीचा दगडी रांजण. रांजणाला टेकून तो म्हणाला, "विचार कर, दोन हजार वर्षांपूर्वी लमाण बैल घेऊन हा चढ चढायचे, आणि माल उतरवून पुन्हा खाली वैशाखऱ्याकडे."

"म्हणजे आल्या वाटेनंच," मी म्हटलं.

तो बराच वेळ जीवधनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माळशेजनं उतरत असतील."

आता त्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. मे महिन्यात कुठल्या वाडीच्या विहिरीला पाणी असतं हे त्याच्याइतकं तहसील कचेरीला माहीत नसेल. पावसाळ्यात माळीणच्या अंगाचे उतार तो नकाशावरूनच पुसतो. 30 जुलै 2014 च्या सकाळी तिथं डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथं लूप होतो का, हे त्यानं कधी बघितलेलं नाही. आणि त्याच्या वहीतल्या नोंदी तर छापण्यासारख्या आहेत. 'किमी 11: पिवळा कुत्रा. भुंकतो, चावत नाही. किमी 11.2: दुसरा पिवळा कुत्रा. याचं उलट.' 'किमी 16: चहा. साखर कमी सांगितली तरी तेवढीच.' 'किमी 19: आजी विचारतात, कुणाचा रे तू? खरं सांगावं, नातं निघतं.' शेवटच्या नोंदीमुळे एकदा जेवायला थांबावं लागलं आणि वेळेचं वाटोळं झालं.

लूप पुरा होतो का? होतो. दोन तृतीयांश पायांनी आणि उरलेला दुधाच्या टेम्पोनं. रांग उतरून भलत्याच वाडीत पोचेपर्यंत दुपार टळलेली असते, पाणी संपलेलं असतं आणि डेअरीचा टेम्पो निघायच्या बेतात असतो. कॅनच्या मधे उकिडवा बसून रूटमास्तर घड्याळ पॉज करतो. एकदाच विसरला. त्या दिवशी डिंभ्याच्या अलीकडचा चढ त्यानं किलोमीटरला दीड मिनिटाच्या वेगानं चढल्याची नोंद झाली. ॲपवर त्या चढाचा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. भरतीच्या पोरांना खरं काय ते कळलंय. बैलगाड्याच्या भाषेत ती त्या टेम्पोला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि टेम्पोवाल्यानं ते काचेवर रंगवून घेतलंय.

तुम्हालाही शुक्रवारी असा फोन आला तर जा. पाणी दोन लिटर घ्या, उजाडल्याशिवाय उसाच्या कडेला शिरू नका, हिरड्यावर पाय देऊ नका. आणि निघण्याआधी जुन्नरच्या स्टँडवर घाटघरहून परतणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ स्वतः विचारून घ्या. रूटमास्तरला ती माहीत नसते.