पांढरं चालतंय

साताऱ्याला आणि सांगलीला पाणी एकाच कृष्णेचं, पण तोंडाची चव निराळी. सातारकराला गोड म्हणजे कंदी पेढा. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, साखर बेताची. सांगलीकर गोडाच्या आधीही भडंग खातो आणि नंतरही. मधल्या गोडाबद्दल तो फारसं बोलत नाही. अशा मुलखात फ्रेंच बेकरी काढणाऱ्याच्या छातीला माझा नमस्कार.

ही बेकरी सांगलीत विश्रामबागेकडे निघाली आणि तिथल्या माझ्या आत्याचा मला साताऱ्याला फोन आला. "काचेत रंगीत रंगीत कायतरी मांडलंय. नाव विचारायची लाज वाटतीय. तू ये."

ते मॅकरॉन होते. बदामाचं पीठ, साखर आणि अंडं फेटून भाजलेल्या दोन चकत्या, मधे क्रीम. पॅरिसचं लादुरे हे दुकान 1862 सालचं, पण चकत्यांची अशी जोडी जमली ती विसाव्या शतकात. मुंबईत पूजा धिंग्रा यांनी 2010 साली आपली पॅटिसरी काढून मॅकरॉनची गोडी लावली. दमट हवेत चकतीचा वरचा पापुद्रा सुकता सुकत नाही, म्हणून मुंबईत मॅकरॉन करणं हे मी पराक्रमातच धरतो.

नेहमीचा मॅकरॉन दोन घासांत संपतो. इथला तळहात झाकून उरत होता. "जंबो आहे, सर," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"अंडं असतंय काय रे यात?" आत्याचा पहिला प्रश्न.

"फक्त पांढरं, काकू."

आत्याने तिथी आठवली, वार आठवला. "पांढरं चालतंय." बलक कुठल्या कलमाखाली वर्ज्य आहे, हे विचारायची माझी छाती नव्हती.

तिने पिवळा निवडला. हळदीचा असेल, ही तिची खात्री. लिंबाचा निघाला. जिच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या सांगलीत पिवळा रंग बाटलीतून यावा, हे तिला अजून पचलेलं नाही.

आता खाण्याचं. मी चावा घेतला तेव्हा वरची चकती तीन दिशांना फुटली, खालची दाताला चिकटली आणि मधलं क्रीम पलीकडच्या बाजूने निघून शर्टाच्या खिशात उतरलं. कडा कुरकुरीत, मधला भाग चिकट. चकती मोठी केली की ती सगळीकडे सारखी भाजणं अवघड जातं. पियेर एर्मे यांचा गुलाब, लिची आणि रास्पबेरीचा 'इस्पहान' हाही मोठाच मॅकरॉन, पण तो बशीत मांडून येतो. आम्ही उभ्याने, कागदात धरून खात होतो. आत्याने मात्र पर्समधून चमचा काढला आणि शांतपणे अख्खा संपवला. वर म्हणाली, "गोड लई आहे. बदाम बरा आहे." बिल पाहून तिने त्यात किती किलो भडंग आलं असतं, तेही सांगितलं.

तुम्ही गेलात तर लहान मागा, पिस्त्याचा मागा, आणि जंबोच हवा असेल तर चमचा घरून न्या.