पाय धुतले अन् कोर्टात गेले

"काय करायलाव अक्का? मिरच्या वाळू घातल्या जणू."

"घातल्या माय. तुझं पोरगं आलंय म्हणं डहाणूहून?"

"रात्रीच आलं. तिकडल्या ब्रदरन मंडळीचं सगळं पुराण ऐकून आलंय."

"हे कोणते गं? आपल्याला मिशनवाले सगळे एकच."

"न्हाई हो, त्यायच्यात बी भावक्या हायेत. ह्यायचं मूळ जर्मनीत. 1708 मधी अलेक्झांडर मॅक नावाचा एक गिरणीवाला, त्याला धरून पाच गडी अन् तीन बाया एडर नदीत उतरले. लहानपणीचा बाप्तिस्मा त्यायला मान्य नव्हता. पाण्यात गुडघे टेकायचे अन् पुढं वाकून तीनदा बुडी! मंग छळ झाला, अमेरिकेला गेले."

"अन् डहाणूला?"

"1894 ला विल्बर स्टोव्हर, त्यायची बायको मेरी अन् बर्था रायन मुंबईला उतरले. गुजरातेतल्या बलसाडला ठाणं टाकलं. संवत छपन्नचा दुष्काळ पडला तवा अनाथ पोरं सांभाळली. डहाणूला अ‍ॅडम अन् अ‍ॅलिस एबी हे नवराबायको गेले. पुढं बार्बरा निकी नावाची डॉक्टरीण तिथल्या दवाखान्यात. वारल्यांच्या मुलखात डॉक्टरीण! तवा आपण निजामात होतो, अक्का."

"बाई माय!"

"खरी गंमत म्होरं हाये. त्यायचं प्रीतिभोजन असतंय. बाया एकीकडं, गडी एकीकडं. कमरेला टॉवेल बांधायचा, घमेल्यात पाणी घ्यायचं, शेजारणीचे पाय धुवायचे, पुसायचे. मंग तिनं पुढचीचे. मगच पंगत."

"म्हंजी सासूनं सुनेचे बी?"

"नंबर आला तर धुवायचे!"

"आपल्या गल्लीत नको गं बाई. पंगत राहील बाजूला."

"ऐका तर. शपथ घ्यायची न्हाई, लढाईला जायचं न्हाई, भावावर कोर्टात जायचं न्हाई, हा त्यायचा जुना दंडक. अन् झालं काय? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणून. त्यातच ह्या ब्रदरनवाल्यायनं ठराव केला, विलीन झालो म्हणाले. काही जणांना मागाहून ते पटेना. गुजरातेतल्या मालमत्तेवरून जुंपली, ती थेट सुप्रीम कोर्टात."

"मंग जिंकलं कोण?"

"विलीन न होणारे. नुसत्या ठरावानं ट्रस्टची मालमत्ता नव्या चर्चकडं जात न्हाई, असं कोर्टानं 2013 ला सांगितलं. मला तर बाई ते बरोबरच वाटतंय. ठराव करायला काय लागतंय? जमिनीचे कागद आधी बघायचे."

"ठराव 1970 चा अन् निकाल 2013 चा! मंग आमच्या भाऊजीचं बांधाचं भांडण अजून पाळण्यातच म्हणायचं."

"त्याची तारीख कधी हाये?"

"सोमवारी. हिंगोलीला जायचंय. वकिलानं पुन्हा पैसे मागितलेत, अन् जाऊबाई म्हणतेत, तुम्हीच द्या, तुमचंच रान लागून हाये."