दीक्षित, दिवेकर आणि रात्रीचे साडेआठ

मराठी मालिकांमध्ये कुणी जेवत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? जेवणाचं टेबल असतं, चांगलं दहा माणसांचं. त्यावर काचेची भांडी, भांड्यांत वाफाळणारं काहीतरी. सून लग्नाला निघाल्यासारखी नटून वाढत असते. आजोबा डोळे मिटून "वा, काय घमघमाट सुटलाय" म्हणतात. घास उचलला जातो, ओठांपर्यंत येतो आणि दारातून आवाज येतो, "थांबा!" मग वीज कडाडते, कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून तीन-तीनदा फिरतो, घास ताटात परत जातो आणि घरातली सगळी माणसं आपापल्या खोलीत रडायला निघून जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच टेबल, तोच घमघमाट, नवा गौप्यस्फोट. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. एवढ्या वर्षांत त्या घरातलं कुणी जाडं झालेलं मला आठवत नाही. होणार कसं? पोटात काही गेलं तर ना!

वजन उतरवायचा याहून खात्रीचा उपाय अजून निघालेला नाही. पंचाईत एवढीच, की घास खाली ठेवतात ते टीव्हीतले, आणि ते बघत जेवतो ते आपण. तिकडे गौप्यस्फोट झाला, की इकडे आमच्या ताटात त्या धक्क्याने आणखी एक तांदळाची भाकरी पडते. कुणी वाढली, केव्हा वाढली, कुणालाच ठाऊक नसतं. आई म्हणते, "मी नाही वाढली." बायको म्हणते, "मी तर बघत होते." म्हणजे भाकरी आपली आपण चालत आली.

आमचं गाव सांडोर. वसईच्या पश्चिमेला, पापडी आणि बंगलीच्या शेजारचं. सोळाव्या शतकातलं संत थॉमसचं चर्च, केळीच्या उरल्यासुरल्या वाड्या, एखाददुसरं न बुजलेलं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती. आमच्या आज्या पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन मुंबईला भाजी विकायला जायच्या. आज आम्ही त्याच गाडीने मुंबईला जातो, टोपलीऐवजी लॅपटॉप घेऊन, आणि परत येताना स्टेशनबाहेर भाजी विकत घेतो. ती कुठून येते, हे विचारायचं धाडस होत नाही.

तर या गावात राहून आरोग्यपूर्ण खायचं, असा फतवा डॉक्टरांनी काढला. कोलेस्टेरॉलचा कागद त्यांनी माझ्यापुढे असा सरकवला, जसा मालिकेतला वकील मृत्युपत्र सरकवतो. म्हणाले, "रात्रीचं जेवण सूर्यास्ताच्या आधी घ्या." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं, तो विरार लोकलमध्ये कधी चढलेला नसणार. मी सूर्यास्त बघतो तो भाईंदरच्या खाडीवरून, तोही कुणाच्या तरी काखेतून. हात वर केलेला, त्या हातात कडी, आणि कडीच्या पलीकडे लालभडक गोळा पाण्यात बुडतोय. त्या वेळी जेवायचं म्हटलं तर शेजाऱ्याच्या डब्यातला उरलेला खाकरा तेवढा हाताशी असतो. मग नायगाव, मग वसई रोड, मग शेअर रिक्षाची रांग. घरी येऊन पाय धुवेपर्यंत सव्वाआठ होतात. ताट समोर येतं साडेआठला. आणि साडेआठला महाराष्ट्रात काय असतं, हे सांगायला नको.

घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ते पडले, आमच्याकडे अजून आहेत. बायको दीक्षितवादी. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, की दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, बस्स. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. त्यांच्या पदव्यांची यादी पंचावन्न मिनिटांत वाचून होत नाही म्हणतात. शिवाय रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मुलगी दिवेकरवादी. ऋजुता दिवेकर म्हणतात, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, घरचं खा, भात खा, तूप खा, केळं खा. २००८च्या 'टशन'साठी करिना कपूरला बारीक केलं ते यांनीच. एक म्हणते खाऊ नका, दुसरी म्हणते खात राहा. घरात शांतता राहावी म्हणून मी काही दिवस दोघींचं ऐकलं, म्हणजे दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटं जेवलो.

पण दीक्षितांच्या पंचावन्न मिनिटांचं मला भारी कौतुक आहे. मालिका अर्ध्या तासाची. दोन मालिका म्हणजे एक तास. पहिलीच्या शीर्षकगीताला पहिला घास घेतला, तर दुसरीच्या शेवटच्या ब्रेकला बरोबर पंचावन्न मिनिटं भरतात. राहिलेली पाच मिनिटं गौप्यस्फोटाची, तेव्हा तोंड रिकामं असलेलंच बरं, ठसका लागत नाही. मराठी वाहिन्यांचं वेळापत्रक आणि इन्शुलिन यांचा असा मेळ दुसऱ्या कुठल्या राज्यात बसला असेल असं वाटत नाही. फक्त रविवारी घोटाळा होतो. रविवारी दोन तासांचा महाएपिसोड असतो. त्या दिवशी दीक्षित सर रजेवर.

आता आमच्या घरची जपमाळ. संध्याकाळी घंटा झाली, की घरातल्या सगळ्यांनी देवघरापुढे बसून रोझरी म्हणायची, हा आईचा नियम. पूर्वी ती रेंगाळत चालायची. गल्लीतली सगळी घरं एका सुरात, शेवटी दोन-चार गाणी, आजारी माणसांसाठी वेगळ्या प्रार्थना. मालिकांचा काळ आला आणि रोझरीने वेग घेतला. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून आमच्या घरात शेवटचे दहा 'नमो मारिया' एका दमात म्हणायची पद्धत पडली. आई कुठे काय करते याचं उत्तर आमच्यापुरतं सोपं होतं. आई एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात रिमोट धरून बसलेली असायची. अरुंधतीचा संसार मोडला, तेव्हा आईने तिच्यासाठी खरोखरच एक 'आमच्या बापा' म्हटला होता. तो मोडणाऱ्या संजनासाठी नाही म्हटला.

स्वयंपाकाचे कार्यक्रम हे वेगळं प्रकरण. 'खाना खजाना'त संजीव कपूर नव्वदच्या दशकात हसत हसत फोडणी द्यायचे, तेव्हापासून आईची एक तक्रार आहे. "एक चमचा तेल म्हणतो तो. तो चमचा बघ. पळी आहे ती." २००७ साली 'आम्ही सारे खवय्ये' आलं आणि प्रशांत दामले प्रत्येक पदार्थ चाखून खूश व्हायला लागले. एवढ्या वर्षांत एकदाही त्यांना मीठ जास्त लागलं नाही, हे आईला पटत नाही. ती टीव्हीकडे बघून सांगते, "खोबरं भाजलं नाही नीट." समोरचा पदार्थ दुधी भोपळ्याचा, त्यात ओट्स. बायको तो वहीत उतरवून घेते. तिची वही आता जाडजूड झाली आहे. तिच्यातला पदार्थ घरात फारसा शिजत नाही, पण तो बघता बघता आम्ही चिवड्याचा एक डबा संपवतो. पाककृतीच्या कार्यक्रमाने माणसाला भूक लागते आणि हातात जे येईल ते पोटात जातं, हे सांगायला संशोधक लागत नाही.

'अग्गंबाई सासूबाई'त तर नायकच शेफ निघाला. अभिजित राजे. आसावरी बिचारी आयुष्यभर लेकाला, म्हणजे बबड्याला, आणि सासऱ्यांना रांधून घालते आणि मग तिच्या आयुष्यात हा पांढऱ्या टोपीतला माणूस येतो. आमच्या गल्लीतल्या बायका त्या वर्षी आपापल्या नवऱ्यांकडे फार विचित्र नजरेने बघायच्या. आईने निकाल दिला, "असा रांधणारा नवरा दुसऱ्या लग्नातच मिळतो." बायको काही बोलली नाही. पण त्या रात्री ताटात नुसतं सॅलड होतं.

मधल्या जाहिराती तर बघण्यासारख्या. आधी तळलेलं काहीतरी कुरकुरीत. मग हृदयाला जपणारं तेल. मग ॲसिडिटीची गोळी. मग सकाळी पोट साफ करणारं चूर्ण. माणसाच्या आतड्यांचा सगळा प्रवास तीन मिनिटांच्या ब्रेकमध्ये दाखवून होतो.

एका मालिकेचे मात्र उपकार मानायला हवेत. 'रात्रीस खेळ चाले', भुताखेतांची. २०१६ साली आली, रात्री साडेदहाला लागायची. आकेरीचा तो वाडा, अण्णा नाईक, आणि पुढच्या पर्वात शेवंता. आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, त्याच्या खिडकीबाहेर केळी. त्याआधी रात्री अकरा वाजता फ्रीज उघडून उभं राहणं हा माझा आवडता व्यायाम होता. इंद्यालच्या मटणाचा एक तुकडा गारच, भांड्यातून बोटांनी उचलून, फ्रीजच्या उजेडात. मालिका सुरू झाली आणि ते थांबलं. केळीचं फाटकं पान खिडकीच्या गजांवर घासायचं, त्या आवाजाला शेवंताचं नाव पडलं. घरातलं कुणी स्वयंपाकघरात एकटं जाईना. मला पाणी हवं झालं तर मुलीला उठवायचं, मुलीने आईला उठवायचं. त्या काळात माझं वजन खरोखर उतरलं. झी मराठीने आरोग्य खात्याकडून मानधन मागायला हवं होतं.

ती मालिका बंद झाल्यावर बायकोने सरकारी मार्ग धरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या मे महिन्यात आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हैदराबादच्या पोषण संस्थेकडून. त्यात माणशी दिवसाला चारशे ग्रॅम भाजी आणि शंभर ग्रॅम फळं धरली आहेत. घरात चार माणसं. म्हणजे रोजची एक किलो सहाशे ग्रॅम भाजी. बायकोने काटा आणला आणि एका संध्याकाळी पडवळ, वांगी, अळू, लाल माठ असा ढीग ओट्यावर रचला. आई काठी टेकत आली, ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "म्हैस केव्हा घेतली?"

पण गंमत आईच्या पुढच्या वाक्यात होती. ती म्हणाली, तिच्या लहानपणी घरात भाजी याहून जास्त असायची, फक्त मोजायची पद्धत नव्हती. वाडीतलं जे बाजारात खपलं नाही ते घरात. वाल, कोहळा, शेवगा, पावसात टाकळा. सणाला मटण, शुक्रवारी सुकट, आणि वाटेल तेवढं पाणी शेंदायला विहीर. तिला ना दीक्षित ठाऊक, ना दिवेकर. जिम म्हणजे रहाट. हे ऐकून मुलीने अभिमानाने आपला एनर्जी बार दाखवला. खजूर, सुकं केळं, चकचकीत वेष्टण, किंमत ऐकून आईने कानाला हात लावले. आई आत गेली आणि शिंक्यावरच्या डब्यातून सुकेळी घेऊन आली. वसईची सुकेळी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगतो. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात दिवसेंदिवस वाळवायची, रात्री झाकायची, दव पडू द्यायचं नाही. होता होता ती मधासारख्या रंगाची, चिवट आणि गोड होतात. साखर नाही, तेल नाही, वेष्टण म्हणजे केळीचंच सोपट. मुलीने चावून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे तर तेच आहे." आई म्हणाली, "हे तेच नाही. ते हे आहे." राजेळीची झाडं आता फार राहिली नाहीत आणि वाळवणारे हात त्याहून कमी, हे मात्र खरं.

उपवासकाळाचं सांगायचं राहिलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आम्ही ख्रिस्ती माणसं संयम पाळतो. शुक्रवारी मटण नाही. म्हणून शुक्रवारी पाचूबंदरहून पापलेट येतं, आणि त्याग म्हणून आम्ही ते तळून खातो. या काळात बायकोने एकदा सुचवलं, की खाण्याचा त्याग जमत नसेल तर मालिकांचा करून बघू. चाळीस दिवस टीव्ही बंद. जेवताना जेवणाकडेच बघायचं. चार माणसं ताटावर बसली. घरात एवढी शांतता, की भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. आणि खरंच सगळ्यांचं जेवण कमी झालं. भाकरी आपली आपण चालत येईना. मुलगी म्हणाली, "वालात मीठ जास्त आहे." बायको म्हणाली, "रोजच एवढं असतं." मग आईने विचारलं, "अरुंधतीचं पुढे काय झालं असेल?" त्यावर चौघं अर्धा तास बोललो, प्रत्येकाने वेगळा शेवट केला, आणि त्यात सुनेने सासूला काय सांगायला हवं होतं या मुद्द्यावर बायको आणि आईमध्ये असा गौप्यस्फोट झाला, की दोघी ताटावरून उठून आपापल्या खोलीत गेल्या.

ईस्टरच्या रात्री टीव्ही सुरू झाला. डॉक्टरांना सांगून टाकलं आहे, की आमच्या घरी टीव्ही बंद ठेवणं कोलेस्टेरॉलपेक्षा धोक्याचं आहे. ते हसले आणि तेलावर लक्ष ठेवा म्हणाले. आईची पळी आता खरोखरच चमचा झाली आहे, तेवढा बदल टिकला.

तुम्ही सांडोरला कधी आलात तर जरूर घरी या. साडेआठच्या आधी आलात तर गप्पा मिळतील. साडेआठनंतर आलात तर जेवण मिळेल, पण कुणी तुमच्याकडे बघणार नाही. आणि येताना खाऊ म्हणून क्विनोआ आणू नका, मागच्या वेळचा अजून संपायचा आहे.