कॅमेऱ्याचे सोयरे

स्थळ पाहताना मुलाचा पगार आधी विचारावा आणि घरात माणसं कोण कोण, हे लग्नानंतर मोजावं, तशी आपण खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याची खरेदी केली. दुकानात पहिला प्रश्न मेगापिक्सेल किती, आणि दुसरा झूम किती. हा टीव्हीशी बोलतो का, प्रिंटरशी त्याचं पटतं का, कॉम्प्युटर त्याला घरात घेतो का, याची चौकशी कुणी केली नाही. वास्तविक त्याचं सगळं गणगोत बाजूच्या एका रबरी झाकणामागे बसलेलं असे. नखाने ते झाकण उचकटलं की इवलीशी भोकं दिसत, आणि प्रत्येक भोकाची वायर वेगळी.

पहिला सोयरा टीव्ही. त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीच्या एका टोकाला कॅमेऱ्याची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला दोन पिना: पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. टीव्हीची भोकं बहुधा पाठीमागे. म्हणजे एकाने टीव्ही शोकेसमधून पुढे ओढायचा, दुसऱ्याने टॉर्च धरायचा आणि तिसऱ्याने रिमोटवर ‘एव्ही’ शोधायचं. चित्र काळंपांढरं होऊन थरथरायला लागलं, तर मेनूत आपल्याकडची ‘पाल’ पद्धत सोडून अमेरिका-जपानची ‘एनटीएससी’ निवडलेली असे. एवढ्या खटाटोपानंतर हाती काय लागायचं? दहा मेगापिक्सेलच्या फोटोत एक कोटी ठिपके, आणि त्या काळच्या टीव्हीवर मावायचे जेमतेम चार लाख. तरी महाबळेश्वरचे फोटो पाहायला शेजारीपाजारी जमत. लग्नाळू मुलगा ग्रुप फोटोत कुणाला खेटून उभा आहे, हे चार लाखांतही स्वच्छ दिसतं.

दुसरा सोयरा प्रिंटर. कॅमेरा एका कंपनीचा आणि प्रिंटर दुसरीचा असला, तरी मध्ये कॉम्प्युटर न घालता दोघांनी एकमेकांशी बोलावं, म्हणून जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने २००३ साली ‘पिक्टब्रिज’ नावाचा करार घडवून आणला. त्याआधी १९९८ मध्ये ‘डीपीओएफ’ आलं होतं: कुठल्या फोटोच्या किती प्रती हव्यात, ते कॅमेऱ्यातच कार्डावर लिहून ठेवायचं आणि कार्ड स्टुडिओत द्यायचं. इतकी नेटकी सोय आपल्या नाक्यावरच्या स्टुडिओने बघितलीसुद्धा नाही. “काका, नंबर सांगा,” एवढंच तो म्हणायचा. मग लग्नपत्रिकेच्या मागे यादी तयार व्हायची: तेविसाव्याच्या चार प्रती, एकतिसाव्याची एक, आणि ज्यात आत्याबाईंचे डोळे मिटलेत तो अजिबात नको.

या नंबरांचीही एक कुळकथा आहे. सगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी फोटो एकाच शिस्तीत ठेवावेत, असा नियम १९९८ मध्ये जपानमध्ये ठरला. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक फोटोला चार अक्षरं आणि चार आकडे. अक्षरं कंपनीच्या मर्जीची, आकडे ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो काढला, की कॅमेरा पुन्हा एकपासून सुरू. त्यामुळे दोन भावांनी एकाच कंपनीचे कॅमेरे घेतले, की दोघांच्या फोटोंची नावं सारखी व्हायची, आणि तिसऱ्या सोयऱ्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर, एकाच फोल्डरमध्ये कॉपी करताना एकाची मुंज दुसऱ्याच्या वास्तुशांतीवर येऊन बसायची.

आता जास्तीच्या गुणांकडे वळू. ते ज्याने ठरवले, त्याच्या डोळ्यांसमोर कोण गिऱ्हाईक होतं, हे मेनूतले मोड वाचले की कळतं. हा गृहस्थ हिवाळ्यात बर्फात जातो, संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात जेवतो, रविवारी मत्स्यालयात फिरतो आणि घरी मांजर पाळतो. होमाच्या धुराचा मोड नाही, हळदीने माखलेल्या चेहऱ्याचा नाही. पण बर्फाचा मोड आपल्याकडे चालतो. समोर पांढरंच पांढरं दिसलं, की कॅमेरा उजेड फार झाला असं समजून फोटो करडा करतो. बर्फाचा मोड लावला, की तो समजूत बदलून जास्त प्रकाश आत घेतो. भर दुपारी पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांची दिंडी समोर असेल, तर हाच उपाय लागू पडतो. वाखरीच्या रिंगणात बर्फ पडल्याचं कॅमेऱ्याला बेलाशक सांगावं. वारीपुरतं एवढं खोटं माफ असावं.

२००७ मध्ये सोनीने समोरचा माणूस हसला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा आणला. हसू किती मोठं हवं, तेही ठरवता यायचं. आपल्या एकत्र कुटुंबाचा ग्रुप फोटो यावर काढायचा, तर मधल्या खुर्चीतल्या आजोबांचा चेहरा निवडू नये, बॅटरी संपेल. २००९ मध्ये निकॉनने कॅमेऱ्याच्या पोटातच प्रोजेक्टर बसवला आणि टीव्हीशी असलेली सोयरीकच मोडीत काढायला घेतली. भिंत मिळाली, की झालं. आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबायचा, तो बिघाड नव्हता. सलग अर्धा तास चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा मानून जास्त जकात लागायची. त्या जकातीपायी इकडे मंगलाष्टकं लांबवणाऱ्या मावशींचं शेवटचं कडवं कापलं गेलं. युरोपचे हे उपकार वधूवर विसरणार नाहीत.

२००५ पासून वाय-फायवाले कॅमेरे येऊ लागले. पुढे फोनशी नातं जुळलं, पण त्यासाठी फोनमध्ये कॅमेऱ्याचं खास ॲप हवं, खातं हवं, पासवर्ड हवा. फोन नवा झाला, की ॲप रुसतं, आणि कॅमेरा हवेत हात हलवत उभा राहतो. याउलट बुडाशी एक साधं भोक असतं, तिपाईच्या स्क्रूचं. पाव इंच व्यास, इंचाला वीस आटे. रोलच्या कॅमेऱ्यापासून ते चालत आलंय, आणि काल बाजारातून आणलेल्या तिपाईवरही जुना कॅमेरा मुकाट्याने बसतो. मिळाली तर वायरही तशीच, फोल्डरही तसंच; ‘डीसीआयएम’ आजच्या फोनमध्येही सापडेल. नात्यांचा अनुभव इथेही खरा ठरतो. गोड बोलून, मानपान मागून आलेले सोयरे आधी पांगले. न बोलता कामाला येणारे टिकले.

आता कॉलेजची मुलं पुन्हा हे कॅमेरे शोधतात. त्यांनी मेगापिक्सेल विचारण्याआधी वायर मिळते का बघावं, आणि कार्ड कुठलं लागतं तेही. फार जुना कॅमेरा साधारण दोन जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतो. बत्तीस जीबीचं घातलं तर सरळ नाही म्हणतो.

माझ्या भाचीने माझा कॅमेरा हातात घेतला आणि विचारलं, “मामा, याचा पासवर्ड काय?”

“पासवर्ड नाही गं याला, वायर आहे.”

ती कॅमेरा आणि वायर दोन्ही घेऊन गेली. दोन्ही अजून परत आलेली नाहीत. पण बहिणीकडे गेलेली वस्तू परत मागायची नसते, हा नियम कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा, आणि तोही अजून टिकून आहे.