बापूंचे ट्रेसर

बापूंकडे पाच कर्व्ह ट्रेसर आहेत. पाच कशाला, असं विचारू नये, कारण बापू सांगतात आणि त्यात खोट काढता येत नाही. पहिला बिघडला. आतला कुठला ट्रान्झिस्टर बदमाश आहे हे कळायला ट्रेसरच लागतो, म्हणून दुसरा आणला. तो भंगारातला, तेव्हा अर्थातच बंद. दोन बंद ट्रेसर दुरुस्त करायचे तर एक चालू हवा, म्हणून तिसरा स्वतःच बांधायला घेतला. तो अजून बांधताहेत. चौथा केवळ स्पेअर पार्टांसाठी घेतला, तर तो घरी आणून लावल्याबरोबर चक्क चालू झाला! बापू आठवडाभर खिन्न होते. चालत्या यंत्राचे पार्ट कसे काढायचे? म्हणून पाचवा.

'मल्टिमीटर नुसतं जिवंत की मेलेला तेवढं सांगतो,' बापू म्हणतात. 'स्वभाव सांगतो तो ट्रेसर.' बेसचा करंट पायरीपायरीनं वाढवत न्यायचा आणि दर पायरीला कलेक्टरचं व्होल्टेज शून्यापासून वर चढवून परत खाली आणायचं. पडद्यावर एकावर एक रेषा उमटतात. दोन रेषांतल्या अंतरावरून गेन काढायचा. रेषेनं टोकाला अचानक उभी उडी घेतली, की समजायचं, ब्रेकडाउन आला.

बापूंचा जीव आहे तो १९५७ सालच्या ५७५ वर. अमेरिकेत ओरेगनला टेकट्रॉनिक्सनं बनवलेला हा ट्रेसर तपासतो ट्रान्झिस्टर, पण स्वतः चालतो व्हॅक्यूम ट्यूबवर. आतल्या सिरॅमिकच्या पट्ट्यांना साधं सोल्डर चालत नाही, चांदी मिसळलेलंच लागतं. साध्या सोल्डरनं खाचांमधला चांदीचा थर उतरतो. काकूंचं म्हणणं एवढंच, की लग्नानंतर या घरात आलेली चांदी ती तेवढीच.

ॲम्प्लिफायरवाली पोरं आउटपुटच्या जोड्या जुळवायला येतात. बुधवार पेठेतून आणलेल्या पुडीतले २एन३०५५ बापू एकेक लावून बघतात. वरचा छाप झोकदार, पण चार अँपियरच्या आतच रेषा एकमेकींना चिकटायला लागतात. मग बापू करवत काढतात. ट्रान्झिस्टरची लोखंडी टोपी कापून आतली चिप पोराच्या नाकासमोर धरतात. 'पंधरा अँपियर म्हणे! ही टिकली?' पोरगं बिचारं पैसे गेले म्हणून रडकुंडीला आलेलं असतं. बापू खुशीत असतात. खऱ्या मालाच्या दिवशी ते इतके बोलत नाहीत, हे मी पाहिलंय.

जर्मेनिअम लावलं की मात्र हाच माणूस मवाळ होतो. जुना एसी१२८ सॉकेटमध्ये बसवायचा आणि त्याच्या टोपीवर हलकेच बोट टेकवायचं. बोटाच्या उबेनं सगळ्या रेषा हळूहळू वर सरकायला लागतात. बोट काढलं, फुंकर घातली, की खाली. 'बघ, ओळखतो मला,' बापू म्हणतात. गिटारच्या फझसाठी असेच दोन विकत मागायला एकजण आला होता. त्याला चहा मिळाला.

एवढे पारखलेले, जोड्या लावून पुड्यांत ठेवलेले ट्रान्झिस्टर लावणार कशात, असं मी एकदा विचारलं. बापूंना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या घरचा रेडिओ गेली कित्येक वर्षं बंद आहे.

तो चालू निघालेला चौथा म्हणजे ५७६, १९६९चं मॉडेल. स्केल काय लावलंय ते पडद्याशेजारी उजळलेल्या आकड्यांत दाखवतो आणि कलेक्टरला थेट १५०० व्होल्टपर्यंत देतो. म्हणूनच सॉकेटवर झाकणाची पारदर्शक पेटी असते. ती नसली तर वरच्या रेंजना यंत्र व्होल्टेज सोडतच नाही. भंगारात ती पेटी गहाळ झालेली. बापूंनी घरभर मापं घेतली आणि काकूंची चौकोनी प्लॅस्टिकची बरणी तंतोतंत बसली. बूड कापून, स्विचसाठी खाच पाडून ती तिथे विराजमान झाली.

'अहो, लाडू कशात ठेवू?' काकूंनी विचारलं.

'पंधरा व्होल्टच्या रेंजवर पेटी लागत नाही,' बापू नॉब फिरवत म्हणाले. 'तेवढ्या वेळात ने की.'

'आणि बूड?'

'अगं, थाळीवर उपडी ठेव.'